सफारीचा पाठ : सेरेंगेटीचा माळ आणि ज्ञानगंगेचे रान

भूगोलाच्या तासाला आफ्रिकेतील गवताळ प्रदेश शिकविताना मुलांकडून सिंह, जिराफ, झेब्रा ही नावे घडाघडा येतात. पुढचा प्रश्न मात्र थोडा निराळा विचारून पाहावा : ‘आपल्या जिल्ह्यात कोणते वन्य प्राणी राहतात?’ बोथ्याच्या घाटालगतच्या गावातील मुलगाही, ज्याच्या बापाने आदल्याच रात्री रोह्यांना हाकलण्यासाठी शेतात जागलीवर रात्र काढलेली असते, या प्रश्नावर गप्प राहतो. पुस्तकातले प्राणी तेवढे खरे आणि बांधावरचे जणू हिशेबातच नाहीत, अशी समजूत त्याने करून घेतलेली असते. ही समजूत काढून टाकणे हा प्रस्तुत पाठाचा हेतू होय.

विषयप्रवेश शब्दापासून करावा. ‘सफारी’ हा पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेचा शब्द असून त्याचा अर्थ प्रवास एवढाच आहे. तो अरबीतून तेथे गेला आणि आपला ‘सफर’ हा शब्दही त्याच मुळाचा. एकेकाळी गोरे शिकारी बंदुका, तंबू आणि हमालांचा तांडा घेऊन सफारीवर निघत. आज लोक उघड्या मोटारीतून, आवाज न करता, दुर्बीण व कॅमेरा घेऊन जातात. हे स्थित्यंतर आपल्याकडेही घडले. भारतात १९७२ साली वन्यजीव संरक्षण अधिनियम झाला. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला आणि आपल्या शेजारचा मेळघाट त्यातील पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी एक ठरला.

आता टांझानिया देशातील सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान घ्यावे. ते १९५१ साली स्थापन झाले. क्षेत्रफळ सुमारे १४,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या संपूर्ण बुलढाणा जिल्ह्याच्या जवळजवळ दीडपट. नुसता आकडा मुलांच्या मनावर ठसत नाही. ‘मलकापूरपासून लोणारपर्यंतचा सारा मुलूख आणि वर त्याचा निम्मा, एवढे एक रान’ असे म्हटले की ठसतो. तेथे वाइल्डबीस्ट नावाचे, गाईसारख्या तोंडाचे कुरंग दहा लाखांहून अधिक आहेत. पाऊस जिकडे पडेल आणि गवत जिकडे उगवेल तिकडे हे कळप चालू लागतात. त्यांच्यासोबत झेब्रेही असतात. मगरींनी भरलेली मारा नदी ओलांडून ते केनिया देशाच्या हद्दीत जातात आणि वर्ष फिरताना परत येतात. चाऱ्यापाण्यामागे मेंढरे घेऊन गावोगाव हिंडणारे मेंढपाळ आपल्या मुलांनी पाहिलेले असतात. तो दाखला द्यावा; स्थलांतराची व्याख्या निराळी सांगावी लागणार नाही.

येथे एक गैरसमज आवर्जून दूर करावा. आफ्रिकेच्या रानात वाघ नाही. अस्वलही नाही. पुष्कळ मुले, आणि स्पष्टच लिहावयाचे तर काही सचित्र पुस्तके छापणारेही, सिंहाशेजारी वाघ बसवून मोकळे होतात. सेरेंगेटीलगतच्या गावातील मुलाला आपल्या ज्ञानगंगेचे अस्वल दाखविले तर तो जिराफ पाहणाऱ्या आपल्या मुलाइतकाच चकित होईल, हे वर्गात अवश्य सांगावे.

ज्ञानगंगा अभयारण्य १९९७ साली घोषित झाले. क्षेत्र सुमारे २०५ चौरस किलोमीटर. अजिंठ्याच्या डोंगररांगेतील ह्या रानाला ज्ञानगंगा नदीचे नाव मिळाले. ही नदी पूर्णेला आणि पूर्णा तापीला मिळते. बुलढाण्याहून बोथामार्गे खामगावला जाणारा रस्ता ह्याच रानातून जातो. साग, सालई, अंजन, मोह, टेंभुर्णी, पळस ही येथील झाडे उन्हाळ्यात पाने टाकतात, आणि मग रान इतके उघडे पडते की परका मनुष्य त्याला ओसाड म्हणेल. त्याच रानात अस्वल, बिबट, तडस, रोही, चिंकारा, भेकर, रानडुक्कर आणि मोर नांदतात. सेरेंगेटीच्या मानाने हे क्षेत्र फारच लहान आहे. बहात्तर ज्ञानगंगा एकत्र कराव्यात तेव्हा कोठे एक सेरेंगेटी होईल. मग एवढ्याशा रानात वाघासारखा प्राणी कसा यावा? तो आला, आणि त्याची हकीकत हाच ह्या पाठाचा गाभा आहे.

यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात टी-१ ह्या क्रमांकाच्या वाघिणीचा पहिला बच्चा म्हणून त्याला टी-१ सी-१ हे नाव मिळाले. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याच्या गळ्यात रेडिओ पट्टा बसविण्यात आला. ह्या पट्ट्यामुळे प्राणी कोठे आहे ते उपग्रहाच्या साहाय्याने ठराविक वेळाने समजते. वयात आलेल्या नर वाघाला आईच्या मुलखात थारा नसतो; त्याला स्वतःचे क्षेत्र शोधावे लागते. २०१९ च्या जून महिन्यात हा वाघ निघाला. महाराष्ट्रातून तेलंगणात गेला, परत आला, आणि सुमारे १,३०० किलोमीटर चालून पाच महिन्यांनी, डिसेंबरच्या आरंभी, ज्ञानगंगेत पोहोचला. नकाशावर मोजपट्टी लावल्यास टिपेश्वर ते ज्ञानगंगा हे अंतर अडीचशे किलोमीटरांच्या आतच भरते. वाघाला वाट ठाऊक नव्हती. तो शोधीत होता, इतकाच त्याचा अर्थ. एप्रिल २०२० मध्ये पट्टा काढण्यात आला, तोपर्यंत त्याच्या चालीची नोंद सुमारे ३,००० किलोमीटर झाली होती. भारतात एखाद्या वाघाच्या एवढ्या दीर्घ प्रवासाची नोंद तोपर्यंत झालेली नव्हती. लोकांनी त्याला ‘वॉकर’ म्हणजे चालणारा असे नाव दिले.

गणिताच्या तासाला हेच उदाहरण घ्यावे : १,३०० किलोमीटर, दीडशे दिवस, तर रोजची चाल किती? उत्तर साडेआठ किलोमीटरांच्या थोडे वर येते. त्यानंतर गावापासून तेवढ्या अंतरावर कोणते गाव आहे ते मुलांकडून वदवून घ्यावे.

हा वाघ चालला कोठून, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा. त्याच्या वाटेवर सलग अरण्य नव्हते. शेते होती, नाले होते, मोठे रस्ते होते. दिवसा तो झुडपांत वा दाट आडोशाला पडून राही आणि रात्री चाले. रानडुकरे व काही वेळा गुरे मारून खाई. ह्या साऱ्या प्रवासात एकच मनुष्य त्याच्याकडून जखमी झाल्याची नोंद आहे, तीही तो ज्या झुडपात विसावला होता त्यातच माणसांचा घोळका शिरला तेव्हा. ही घटना वर्गापुढे ठेवून ‘चूक कोणाची?’ असे विचारावे आणि उत्तर सांगण्याची घाई शिक्षकाने करू नये. मुले आपसांत वाद घालतील. तो घालू द्यावा.

ज्ञानगंगेत त्याला पाणी मिळाले, शिकार मिळाली. पण जोडीदारीण मिळाली नाही. तेथे मादी आणून सोडावी असा विचार पुढे आला होता, परंतु ती सोडण्यात आली नाही. पुढे मार्च २०२१ मध्ये ह्याच वाघाचे छायाचित्र गौताळा औट्रमघाट अभयारण्यात मिळाले. तो पुन्हा चालू लागला होता.

शेतकऱ्यांच्या मुलांपुढे हा विषय मांडताना ‘प्राणी आपले मित्र आहेत’ एवढेच वाक्य उच्चारून थांबू नये. ज्याच्या घरचा हरभरा रोह्यांनी व डुकरांनी एका रात्रीत तुडविला, त्या मुलाला ते वाक्य खोटे वाटते आणि त्याबरोबर शिक्षकही खोटा वाटतो. नुकसान होते हे मान्य करावे. पिकाची हानी, गुरे मारली जाणे वा मनुष्य जखमी होणे ह्यांबद्दल शासनाकडून भरपाई मिळते. त्यासाठी वनविभागास तातडीने कळवून पंचनामा करून घ्यावा लागतो, हे मुलांच्या तोंडून पालकांपर्यंत पोहोचवावे. विलंब झाल्यास हक्काची रक्कम हातची जाते.

रानालगतच्या शाळांनी अस्वलाविषयीचा भाग वगळू नये. शेळ्या राखणारी आणि पहाटे मोहफुले वेचावयास आईबरोबर जाणारी मुले आपल्याच पटावर आहेत. अस्वलाची दृष्टी मंद असते, नाक तीक्ष्ण असते. वाळवी, मध, मोहफुले, बोरे, टेंभरे हे त्याचे खाद्य. म्हणजे माणूस आणि अस्वल एकाच झाडाखाली, एकाच वेळी येतात. अचानक गाठ पडली की ते भिऊन अंगावर येते, आणि पाठीवर पिले घेतलेली मादी तर फार धोक्याची. म्हणून झुंजुमुंजू असता वा तिन्हीसांजेला एकट्याने जाऊ नये, बोलत वा काठी आपटत जावे, अस्वल दूर दिसल्यास दगड मारू नये, पळू नये, हळूहळू मागे सरावे. हा भाग पाठ करून न घेता अंगणात अभिनयाने करून घ्यावा.

सहल काढावयाची असल्यास वनविभागाची परवानगी आगाऊ घ्यावी आणि वाघ दिसेल असे आश्वासन मुलांना मुळीच देऊ नये. निराश झालेले मूल मग मोराकडेही पाहत नाही. सहल शक्य नसेल तर शाळेच्या आवारातच सफारी करता येते. आपल्या पूर्वजांनी धूळपाटीवर अक्षरे गिरविली. तशीच एक मोठी धूळपाटी कुंपणाजवळ करावी : दोन हात लांबरुंद जागेवर चाळलेली माती पसरून सायंकाळी फळीने सपाट करावी आणि सकाळी परिपाठापूर्वी पाहावी. कुत्र्याच्या ठशात नखांच्या खुणा उमटतात, मांजराच्या ठशात उमटत नाहीत, कारण मांजर चालताना नखे आत ओढून घेते. बिबट आणि वाघ मांजराच्याच कुळातले; तडसाच्या ठशात मात्र नखे दिसतात. एवढा भेद मुलांना ओळखता आला की ठसे वहीत काढून खाली दिनांक, वेळ व पाऊस-वारा लिहून ठेवावा. वही वर्गात टांगलेली असावी. मोठा, नखांवाचूनचा ठसा आढळल्यास मुलांना त्या जागेपासून दूर ठेवून वनरक्षकास त्याच दिवशी कळवावे.