लोगोखाली नाव मधोमध कसं बसवायचं?

मित्रांनो, ही चूक मला महागात पडली आहे. 200 आयकार्डांवर लोगो बरोब्बर मधोमध, पण नावं सरकलेली! सगळी स्वतःच्या खर्चाने पुन्हा छापली. कारण? नमुन्यातलं एक नाव मी नजरेने लोगोखाली बसवलं होतं, पण अलाइनमेंट लेफ्टच होती. नाव छोटं-मोठं झालं की डावी कड जागेवर राहते, उजवी सरकते.

उपाय सोपा आहे. इनडिझाइनमध्ये टेक्स्ट फ्रेम सर्वांत लांब नाव मावेल इतकी रुंद घ्या. फ्रेम आणि लोगो एकत्र सिलेक्ट करून दोघांचे मध्य अलाइन पॅनेलमधून जुळवा. मग मजकूर सेंटर अलाइन करा. डेटा मर्जच्या प्रिव्ह्यूमध्ये सर्वांत लांब आणि सर्वांत छोटं नाव तपासा, मगच प्रिंट द्या. दोन मिनिटं जातील, पण कागद आणि गिऱ्हाईक दोन्ही वाचतील.