एका रॉकेटवर 104 उपग्रह चढतात कसे?

प्रश्न : ‘इस्रो’ने 2017 मध्ये एकाच रॉकेटमधून 104 उपग्रह सोडले. इतक्या जणांचे सामान रॉकेटवर वेळेत चढवतात तरी कसे?
— एक वाचक, श्रीपूर (ता. माळशिरस, जि. सोलापूर)

उत्तर : वेळ वाचतो तो श्रीहरिकोट्याला नव्हे, त्याच्या पुष्कळ आधी. तुमच्या साखर कारखान्यात ऊस बैलगाडी, ट्रॅक्टर, ट्रक, मिळेल त्या वाहनाने येतो आणि काट्यापुढे रांग लागते. साखर मात्र एका मापाच्या पोत्यांतून बाहेर पडते, म्हणून ट्रक भराभर भरतो. छोट्या उपग्रहांचे असे ‘पोते’ 1999 मध्ये जॉर्डी पुइग-सुआरी आणि बॉब ट्विग्ज या अमेरिकेतल्या दोन प्राध्यापकांनी ठरवले : 10 सेंटिमीटरचा घन, नाव क्यूबसॅट. असे घन स्प्रिंगच्या पेटीत एकामागे एक सरकवतात. रॉकेटशी जोडायची ती फक्त पेटी. आत असेपर्यंत उपग्रहाचे बटण दाबलेलेच राहते, म्हणजे वीज बंद. बाहेर ढकलला गेला की तो जागा होतो. तरी अँटेना उघडायला अर्धा तास थांबतो, शेजाऱ्याला धक्का लागू नये म्हणून.

104 उपग्रह नेणाऱ्या, 15 फेब्रुवारी 2017 च्या पीएसएलव्ही-सी37 या रॉकेटवर कार्टोसॅट-2 मालिकेतला एकटा उपग्रह होता 714 किलोचा. बाकी 103 मिळून सुमारे 664 किलो. त्यातले 88 तर प्लॅनेट या एकाच अमेरिकी कंपनीचे, जवळजवळ जुळे!

माप ठरले म्हणून परीक्षा टळत नाही. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ हा उपग्रह जेमतेम एक किलोचा. काम 2008 मध्ये सुरू झाले, उड्डाण 22 जून 2016 ला. रॉकेटची थरथर आणि निर्वातातली थंडी-उष्णता सोसेल हे जमिनीवर सिद्ध केल्याशिवाय कोणालाच जागा मिळत नाही.

खरा खोळंबा रॉकेटचाच. पूर्वी श्रीहरिकोट्याच्या पहिल्या प्रक्षेपण तळावर पीएसएलव्हीचा एकेक टप्पा तिथेच रचत, तोवर तळ अडकलेला. आता खालचे टप्पे वेगळ्या इमारतीत जोडून तळावर आणता येतात. 22 एप्रिल 2023 च्या पीएसएलव्ही-सी55 साठी हे पहिल्यांदा केले. यामुळे वर्षाला 6 ऐवजी 15 पीएसएलव्ही उडवता येतील, असे सरकारने सांगितले आहे. 2023 मध्ये प्रत्यक्षात तीनच उडाली. जागा झाली, पण रॉकेट बनवण्याचा वेग अजून वाढायचा आहे.