जन्मठेपेचा कैदी 14 वर्षांनी सुटतो का?

प्रश्न : जन्मठेपेचा कैदी 14 वर्षांनी सुटतोच, मग फाशीच द्यावी, असे आमच्या कट्ट्यावर म्हणतात. खरे काय?

उत्तर : हा गैरसमज आहे. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत कैद, हे सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये गोपाळ गोडसे प्रकरणात स्पष्ट केले. खुनासारख्या, फाशीही होऊ शकणाऱ्या गुन्ह्यात शिक्षामाफी धरूनही 14 वर्षांआधी सुटका नाही. पुढेही ती सरकार नियम पाहून ठरवते, कैद्याचा तो हक्क नव्हे. उलट फाशीच रखडते. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातील बहिणींची फाशी दयेच्या अर्जावरील दिरंगाईमुळे मुंबई उच्च न्यायालयाने 2022 मध्ये जन्मठेपेत बदलली. निकाल चुकला, तर जन्मठेपेत तो सुधारता येतो, फाशीनंतर नाही. म्हणूनच फाशी ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ गुन्ह्यापुरतीच असावी.