ओढल्या जाणाऱ्या गाडीचा ब्रेक

यंदाच्या साहस शिबिराचा तळ म्हैसूर जिल्ह्यातल्या पिरियापट्टण तालुक्यात, बेट्टदपुरच्या डोंगराच्या पायथ्याशी होता. डोंगराच्या पायऱ्या आणि माथ्यावरचा सिडिलु मल्लिकार्जुन यांविषयी कॅडेट स्वतः लिहितीलच. मी लिहितो आहे ते पायथ्याच्या रस्त्यावर एका सकाळी घेतलेल्या एम. टी. च्या वर्गाविषयी. त्या वर्गाला फळा नव्हता. एक पिकअप, तिच्यामागे जोडलेला कॅम्पर आणि एक मीटर, एवढेच साहित्य होते.

कॅम्पर म्हणजे चाकांवरची खोली. आत झोपायच्या फळ्या, ओटा, पाण्याची टाकी आणि खाली एकच आस, दोन चाके. सामान भरल्यावर त्याचे वजन १४०० किलो भरले. पिकअप माणसांसह २१०० किलो. बेळगावहून तळावर पोहोचल्यावर आमचे ड्रायव्हर म्हणाले, "उस्ताद, ब्रेक दाबला की मागून कोणीतरी ढकलतंय असं वाटतं." वाटेत एका गॅरेजवाल्याने त्यांना सल्ला दिला होता की कॅबमधला ब्रेकचा नॉब पूर्ण फिरवा, काम होईल. पुढच्या दोन दिवसांत कुशालनगरवरून मडिकेरीचा घाट चढायचा होता आणि तोच उतरायचा होता. म्हणून नॉबला हात लावण्याआधी मी मुलांना जमिनीवर बसवले आणि काठीने मातीत गणित मांडले.

ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर. कोरड्या डांबरावर चांगले टायर गाडीच्या वजनाच्या साधारण ०.७ पट रोधक बल देतात असे धरा. एकटी पिकअप त्या बलावर सुमारे २० मीटरमध्ये थांबते. आता मागे १४०० किलो जोडा आणि त्याला ब्रेक नाही असे समजा. थांबवणारे टायर तेवढेच, पण थांबवायचे वजन ३५०० किलो. अंतर होते जवळजवळ ३४ मीटर. ड्रायव्हरच्या पायाला ब्रेकपर्यंत पोहोचायला लागणारा वेळ यात धरलेलाच नाही. वाढलेले १४ मीटर म्हणजे एकामागे एक उभ्या तीन मोटारी. एका कॅडेटने लगेच विचारले, "मग पिकअपचेच ब्रेक मोठे बसवले तर?" प्रश्न चांगला होता. उत्तर असे की ब्रेक कितीही मोठा केला तरी शेवटी गाडी थांबवतो तो टायर आणि रस्ता यांच्यातला घर्षणाचा जोर, आणि तो टायरवर पडणाऱ्या वजनाइतकाच मिळतो. कॅम्परचे वजन ज्या टायरांवर आहे, त्याच टायरांनी ते थांबवले पाहिजे.

उताराचे गणित याहून सोपे आहे. १५ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर खाली उतरणारा रस्ता घ्या. कॅम्पर पिकअपला सतत सुमारे ९३ किलो भाराने ढकलतो, क्विंटलला थोडाच कमी. सरळ रस्त्यावर हा रेटा फक्त जाणवतो. वळणावर मात्र तो हुकापाशी तिरका लागतो, पिकअपचा मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि दोन्ही गाड्या चाकूच्या पात्यासारख्या मिटतात. बेट्टदपुरच्या आसपास तंबाखूच्या भट्ट्यांसाठी लाकूड नेणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या मुलांनी रोज पाहिल्या होत्या. कोल्हापूर-सांगलीच्या मुलांनी उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर लहानपणापासून पाहिले आहेत. उतारावर ट्रॅक्टरवाला आधीच खालच्या गिअरमध्ये का येतो, हे त्यांना या गणितानंतर सांगावे लागले नाही.

हलक्या ओझ्याला ब्रेक नसला तरी चालते, हेही खरे. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपमागचा पाव टनी ट्रेलर सुमारे २२५ किलो माल नेई, आणि त्याला फक्त उभे करून ठेवण्यासाठी हातब्रेक असे. युरोपात ७५० किलोपर्यंतच्या ट्रेलरला ब्रेकची सक्ती नाही. पण दीड टनाहून जड असलेली २५ पाउंडर तोफ ओढायची म्हटल्यावर हिशेब बदलतो. आमचा कॅम्पर जीपच्या ट्रेलरच्या नव्हे, तोफेच्या पंगतीत बसणारा.

आता यंत्र. या कॅम्परला विजेचे ब्रेक आहेत. ही पद्धत १९२० च्या दशकात अमेरिकेत आर्थर वॉर्नर याने रूढ केली, आणि तिची युक्ती मला अजूनही आवडते. चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमच्या आत एक विद्युतचुंबक असतो. पिकअपमधून प्रवाह आला की तो ड्रमच्या फिरत्या पृष्ठभागाला चिकटू पाहतो आणि त्याच्याबरोबर थोडा ओढला जातो. तो एका दांड्याच्या टोकाला बसवलेला असल्याने दांडा फिरतो आणि ब्रेकचे दोन्ही शू ड्रमवर दाबले जातात. म्हणजे जोर चुंबकाचा नसून फिरणाऱ्या चाकाचाच असतो. चुंबक फक्त तो जोर शूकडे वळवतो. यातून दोन गोष्टी निघतात. उभ्या गाडीचे चाक फिरत नसल्यामुळे हा ब्रेक गाडी उभी करून ठेवायच्या कामाचा नाही, चाकाखाली ठोकळे लावावेच लागतात. आणि चालण्याच्या वेगाने गाडी नेऊन ब्रेक तपासला तर तो नेहमीच कमजोर वाटतो, त्यावरून काही ठरवू नये.

म्हणून क्रम असा: आधी शू, मग तार, शेवटी नॉब. गॅरेजवाल्याने तिसरी पायरी पहिली सांगितली होती.

सपाट जागी पिकअपचा हातब्रेक लावून, दुसऱ्या चाकाला दोन्ही बाजूंनी ठोकळे लावून आम्ही एक चाक जॅकने उचलले आणि आसाखाली घोडी दिली. फक्त जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणीही हात घालायचा नाही, हे मी तीनदा सांगितले आणि चौथ्यांदा इथे लिहितो. पाठीमागच्या पत्र्यात एक लांबट खाच असते, तिच्यावरची रबरी टोपी काढली की आत दात्यांची चक्री दिसते. ती स्क्रूड्रायव्हरने फिरवली की शू ड्रमकडे सरकतात. चाक पुढच्या दिशेने फिरवत राहायचे आणि ते हाताने फिरेनासे होईपर्यंत चक्री घट्ट करायची. मग उलट फिरवत यायचे, चाक मोकळे फिरेल पण आत शू हलकेच घासल्याची खसखस ऐकू येईल इतके. ही खसखस ओळखणे पुस्तकातून येत नाही, कान लावावा लागतो. प्रत्येक कॅडेटने कान लावला. डावे चाक ठीक होते. उजव्या बाजूची चक्री मात्र बरीच फिरवावी लागली, तिथले शू झिजून ड्रमपासून दूर राहिले होते. अशा स्थितीत नॉब पूर्ण फिरवला असता तर डावे चाक जाम झाले असते, उजवे जवळजवळ मोकळे राहिले असते आणि कॅम्पर डाव्या अंगाला ओढला गेला असता.

त्यानंतर तार. या मापाच्या ड्रममधला चुंबक १२ व्होल्टवर सुमारे ३ अँपिअर घेतो, म्हणजे त्याचा रोध ४ ओहम. दोन चुंबक समांतर जोडलेले असल्याने एकूण रोध २ ओहम आणि प्रवाह ६ अँपिअर यायला हवा. मीटर लावला तर ४ दाखवला. "किती रोध जास्त आहे?" असे विचारले, तेव्हा दहावीच्या मुलांनी तोंडी उत्तर दिले: १२ भागिले ४ म्हणजे ३, त्यातून २ गेले, १ ओहम. हा एक ओहम कुठे बसला आहे ते शोधायला अर्धा तास गेला. अर्थिंगची तार सांगाड्याला जिथे बोल्टने जोडली होती, तिथे हिरवट गंज होता. पॉलिश पेपरने घासून, बोल्ट आवळून पुन्हा मीटर लावला तेव्हा काटा पावणेसहाच्या जवळ गेला. ज्यांना ओहमचा नियम परीक्षेपुरता वाटतो, त्यांच्यासाठी मी त्या दिवशी काही वेगळे बोललो नाही.

शेवटी नॉब. कॅबमधल्या नियंत्रकावर दोन गोष्टी असतात. नॉबने प्रवाहाची मर्यादा ठरते आणि शेजारच्या सरकपट्टीने पिकअपचा ब्रेक न लावता फक्त ट्रेलरचा ब्रेक लावता येतो. सकाळी रहदारी नसलेला, कोरडा, सपाट रस्त्याचा तुकडा निवडला. दोन्ही टोकांना झेंडे घेऊन कॅडेट उभे केले आणि दोघांना कडेला, सुरक्षित अंतरावर, कॅम्परच्या चाकांवर नजर ठेवायला सांगितले. ड्रायव्हरने ताशी ४० चा वेग धरला, अॅक्सिलरेटर सोडला आणि पायाचा ब्रेक न दाबता सरकपट्टी ओढली. पहिल्या फेरीत गाडी जेमतेम मंदावली. नॉब थोडा वाढवला. चौथ्या फेरीत कडेचा कॅडेट ओरडला, "चाक थांबलं!" टायरचा काळा ओरखडा रस्त्यावर दिसत होता. तिथून नॉब किंचित मागे घेतला. चाक जाम होण्याच्या अगदी अलीकडची जागा हीच योग्य जागा.

जाम होऊ नये याचे कारण सायकलवाल्यांना ठाऊक आहे. मागचे चाक जाम केले की सायकल सरळ राहत नाही, शेपूट फिरवते. घसरणाऱ्या टायरला आडवे धरून ठेवण्याची ताकद उरत नाही, ट्रेलरचेही तसेच होते. पाऊस असेल तर नॉब आणखी खाली घ्यावा, पाण्याची टाकी किंवा सामान रिकामे केले तर पुन्हा फेरी मारून पाहावे. सामानही कसे भरले आहे ते महत्त्वाचे. या जातीच्या ट्रेलरच्या एकूण वजनापैकी १० ते १५ टक्के हुकावर यावे, म्हणजे आमच्या बाबतीत १४० ते २१० किलो. तंबू आणि भांडी मागच्या दाराशी कोंबली की हुकावरचा भार हलका होतो आणि वेगात कॅम्पर डोलू लागतो. डोलू लागला तर पायाचा ब्रेक जोरात दाबू नये. स्टिअरिंग सरळ धरून अॅक्सिलरेटर सोडावा आणि सरकपट्टीने फक्त मागचा ब्रेक लावावा. मागची गाडी मागे खेचली गेली की सरळ होते.

एक शेवटचा भाग मी मुद्दाम वेगळा शिकवला. हूक तुटलाच तर काय? कॅम्परच्या दांडीवर एक छोटा स्विच असतो. त्याची पिन बारीक पोलादी तारेने पिकअपच्या सांगाड्याला बांधलेली असते. गाड्या वेगळ्या झाल्या की पिन उपसली जाते आणि कॅम्परची स्वतःची बॅटरी ब्रेक लावते. इथे मी मुलांना आयर्लंडमधल्या आर्मा गावची गोष्ट सांगितली. १२ जून १८८९ रोजी सहलीला निघालेल्या आगगाडीला चढ चढवेना, म्हणून तिचे दोन भाग केले. त्या गाडीचा ब्रेक असा होता की इंजिनाशी जोडलेली नळी सुटली की तो निकामी होई. सोडलेले मागचे डबे उतारावरून मागे घरंगळले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. ८० माणसे गेली, त्यांत मुले पुष्कळ होती. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून, जोड तुटल्यावर आपोआप लागणारे ब्रेक प्रवासी गाड्यांना सक्तीचे केले. स्विच तपासताना पिकअपकडून येणारा वायरचा प्लग आधी काढावा, पिन उपसावी, गाडी हळू पुढे घ्यावी. कॅम्परची चाके अडली पाहिजेत. मग पिन लगेच परत लावावी, नाहीतर बॅटरी उतरते. ही तार साखळीला किंवा हुकाच्या गोळ्याला बांधणारे लोक मी पाहिले आहेत. हूकच निखळला तर तारही त्याच्याबरोबर जाईल, एवढा विचार त्यांनी केलेला नसतो.

मडिकेरीचा घाट उतरताना गाडी सुरुवातीपासून खालच्या गिअरमध्ये होती. ३५०० किलो वजन ताशी ४० ने १५ ला १ अशा उतारावरून आणले तर हवेचा आणि टायरचा विरोध सोडून सुमारे २५ किलोवॉट उष्णता कुठेतरी जावी लागते, म्हणजे एकाच वेळी २५ इस्त्र्या. ती सगळी ड्रममध्ये गेली तर ड्रम तापून फुगतो, शूपासून लांब जातो आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. इंजिनाने तो भार घ्यावा, ब्रेक अधूनमधून थोडा वेळ पण नीट दाबून सोडावा, नुसता पाय ठेवून बसू नये. खाली उतरल्यावर एका कॅडेटने दोन्ही चाकांच्या हबजवळ, न शिवता, तळहात धरला. दोन्हीकडे सारखीच ऊब होती. एक हब तापलेला आणि दुसरा थंड असता तर आम्ही तिथेच थांबून पुन्हा चक्री पाहिली असती.

नवे शू बसवले असतील तर सुमारे ३०० किलोमीटरनंतर, आणि एरवी दर ५००० किलोमीटरला हा सगळा क्रम पुन्हा करायचा. तारीख, किलोमीटर, दोन्ही चाकांची स्थिती आणि अँपिअरचा आकडा एम. टी. शेडमधल्या गाडीच्या वहीत लिहिलेला आहे. पुढची तपासणी अकरावीच्या तुकडीकडे आहे.