आधी भट्टीची वही

चि. भाचीस,


प्रदर्शनाच्या पुस्तिकेसाठी ‘मातीविषयीचं माझं तत्त्वज्ञान’ लिहून मागितलंय आणि काही सुचत नाही, असं तू कळवलंस. सुचत नाही हे चांगलंच आहे. ज्यांच्या तत्त्वज्ञानाची आज पुस्तकं होतात, त्यांनाही ते आधी सुचलेलं नव्हतं.

ल्यूसी री यांचंच पाहा. व्हिएन्नात नाव झालेल्या या ज्यू कलावतीला १९३८ मध्ये देश सोडून लंडनला यावं लागलं. इंग्लंडच्या मातीकामात तेव्हा बर्नार्ड लीच यांचा शब्द चाले. जपानमध्ये शिकून आलेल्या लीचना भरीव, वजनदार, रोजच्या वापरातली भांडी आवडत. री यांची पातळ, शहरी भांडी त्यांना रुचली नाहीत. री यांनी लीच यांच्या मतामुळे काही काळ जाड भांडी करून पाहिली. पण तो त्यांचा हात नव्हता. युद्धाच्या काळात कपड्यांसाठी मातीची बटणं करून त्यांनी कार्यशाळा चालवली होती. त्याच कामासाठी १९४६ मध्ये हान्स कोपर हा जर्मन निर्वासित तरुण त्यांच्याकडे आला. त्याला मातीकाम येत नव्हतं, नजर मात्र होती. तुमचं मूळचं काम सोडू नका, हे त्याने त्यांना पटवलं.

पुढे जे घडलं ते भट्टीत घडलं. री यांचं घर आणि कार्यशाळा लंडनच्या एका लहानशा गल्लीत, भट्टी विजेची. एरवी भांडं आधी नुसतंच भाजतात (बिस्क), मग काचेसारखा लेप, म्हणजे ग्लेझ, लावून पुन्हा भाजतात. री सुकलेल्या कच्च्या भांड्यावरच ब्रशने ग्लेझ चढवत आणि एकदाच भाजत. सिलिकॉन कार्बाइड घालून त्यांनी ग्लेझला मुद्दाम फोड आणले. कुंभार ज्याला दोष म्हणून बाजूला काढतात, तोच त्यांच्या वाडग्यांचा पोत झाला. लीच यांच्याशी मैत्री मात्र आयुष्यभर टिकली. मतभेद असा पचवता येतो, हेही शिकण्यासारखं आहे.

लीच यांचे मित्र शोजी हामादा यांची वाट याहून वेगळी. मातीकामाचं शास्त्र शिकलेला हा माणूस इंग्लंडहून परतल्यावर जपानमधल्या माशिको गावी स्थायिक झाला. तिथे स्वयंपाकघरातली साधी भांडी होत आणि माती भरड होती. हामादांनी तिच्या जागी मऊ माती मागवली नाही. तिथलीच माती, तिथलाच दगड, तिथलीच राख घेऊन त्यांनी ग्लेझ केले आणि पुढे भांड्यांवर सही करणंही सोडलं. १९५५ मध्ये जपान सरकारने त्यांना जिवंत राष्ट्रीय ठेवा म्हणून गौरवलं.

आपल्याकडेही उदाहरणं कमी नाहीत. बिहारमधल्या कुंभार घराण्यातून आलेले ब्रह्मदेव पंडित यांनी भाईंदरमध्ये स्टोनवेअरचं काम उभं केलं. २०१३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ग्लेझचा अभ्यास करायचा तर निर्मला पटवर्धन यांचं कुंभारांसाठीचं पुस्तक जवळ ठेव. परदेशी कृती जशीच्या तशी इथल्या मातीवर चालेलच असं नाही, हे चाचणीच्या दोन तुकड्यांतच तुला कळेल.

म्हणून पुस्तिकेसाठी तत्त्वज्ञान लिहू नकोस. माती कुठली, त्यात काय मिसळलं, किती अंशांना भाजलं, काय बिघडलं आणि तरीही काय ठेवून घेतलं, एवढं साध्या वाक्यांत लिही. त्यासाठी प्रत्येक भट्टीची नोंद लागेल. वही आजच घाल. भट्टी उघडल्यावर चांगले तुकडे उचलण्याआधी वाकलेले, चिरलेले तुकडे तारीख घालून मांडून ठेव. तू ते फेकून देतेस, हे मला माहीत आहे.

मसुदा झाला की पाठव, सोबत वहीची पानंही.

तुझा,
मामा