वृद्धांची श्रवणशक्ती आणि ताटातील अन्न

हिंगोली जिल्ह्यातील खेड्यांत साठी उलटलेल्या माणसाला दोनदा हाक मारावी लागली, तर त्याची कोणी फारशी दखल घेत नाही. वयाबरोबर कान जायचेच, ही समजूत दृढ आहे. हळूहळू तो माणूस बैठकीत बोलेनासा होतो, ओसरीवर एकटा बसू लागतो आणि घरचे लोक त्याला हट्टी अथवा विसराळू ठरवितात. वास्तविक त्याला आवाज ऐकू येत असतो. शब्द मात्र उमगत नसतात. वार्धक्यात प्रथम उंच पट्टीचे ध्वनी जातात. त्यामुळे ‘साठ’ मधील ‘स’ गळतो आणि ऐकणारा ‘आठ’ समजतो. बँकेत किंवा स्वस्त धान्य दुकानात अशी चूक महागात पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साठ वर्षांवरील २५ टक्क्यांहून अधिक व्यक्तींचा श्रवणदोष दैनंदिन व्यवहारात अडथळा आणण्याइतका असतो.

कानाच्या आतील शंखाकृती भागात सुमारे १५ हजार केसपेशी असतात. ध्वनीची कंपने त्यांच्यामार्फत मज्जातंतूंपर्यंत पोहोचतात. या पेशी एकदा नष्ट झाल्या की मनुष्यात पुन्हा निर्माण होत नाहीत. त्यांना रक्तपुरवठा करणाऱ्या वाहिन्या अत्यंत बारीक असल्याने मधुमेह, उच्च रक्तदाब आणि धूम्रपान यांचा उपद्रव कानापर्यंत पोहोचतो. आहाराचा संबंध येतो तो येथे. गेलेली श्रवणशक्ती कोणत्याही अन्नाने परत येत नाही. उरलेली अधिक काळ टिकविण्यास मात्र योग्य आहाराचा हातभार लागू शकतो.

या विषयावरील पुरावा मर्यादित असला तरी दुर्लक्षणीय नाही. अमेरिकेत सुमारे ७१ हजार स्त्रियांच्या आहाराचा आणि श्रवणाचा मागोवा २२ वर्षे घेण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. भाज्या, फळे, डाळी व कठीण कवचाची फळे भरपूर आणि मीठ-साखर बेताची, असा आहार ठेवणाऱ्या स्त्रियांत मध्यम किंवा अधिक तीव्र श्रवणदोषाचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला. अर्थात असा आहार घेणाऱ्या स्त्रिया इतर बाबतींतही प्रकृतीस जपत असतील, हे विसरता येत नाही. नेदरलँड्समध्ये ५० ते ७० वर्षे वयाच्या ७२८ व्यक्तींवर तीन वर्षे झालेल्या प्रयोगाचा अहवाल २००७ चा आहे. फोलिक आम्ल घेणाऱ्यांत खालच्या पट्टीच्या श्रवणाची घसरण किंचित मंदावली. उंच पट्टीत फरक पडला नाही. त्या देशात पिठात फोलिक आम्ल मिसळण्याची पद्धत नव्हती, हेही ध्यानात घ्यावे लागते. तेव्हा गोळ्यांच्या मागे धावण्याचे कारण नाही.

फोलेट हरभऱ्यात, तुरीच्या डाळीत आणि हिरव्या पालेभाज्यांत विपुल असते. जिल्ह्यात हरभरा व तूर पिकते. पालेभाजीही हंगामात मिळते. परंतु दात गेलेल्या वृद्धाच्या ताटात भाकरी दुधात कुस्करून किंवा भात पातळ वरणात कालवून येतो. भाजी चावत नाही म्हणून बाजूला राहते आणि दोन वेळचा चहा-बिस्कीट भूक मारतो. भाजी बारीक चिरून डाळीत शिजविली, हरभऱ्याचे मऊ पिठले केले, जवस किंवा कारळाची चटणी भाकरीस लावली, तर खर्च फारसा वाढत नाही. अंबाडी आंबट असल्याने उकडून पिळणे समजण्यासारखे आहे. पण मेथी-पालकाचे पाणी फेकून देणे म्हणजे फोलेट मोरीत सोडणे होय.

ब-१२ जीवनसत्त्वाची गोष्ट निराळी आहे. ते वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ नसते आणि वयानुसार त्याचे शोषणही घटते. शाकाहारी वारकरी कुटुंबात दूध-दही हाच त्याचा आधार. मात्र सगळे दूध डेअरीला जात असेल, तर म्हाताऱ्याच्या वाट्याला ताकही उरत नाही. पायांना मुंग्या येणाऱ्या, तसेच मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्या वृद्धांच्या रक्तातील ब-१२ तपासून घेणे इष्ट ठरते.

हळदीचा जिल्हा म्हणून हळदीविषयी प्रश्न हमखास विचारला जातो. हळदीने ऐकू येऊ लागते, यास आधार नाही. कानात हळद अथवा गरम तेल घालणे तर धोक्याचे. पडदा फाटलेला असल्यास इजा वाढते. उलट हळद पॉलिश करण्याचे ढोल आणि मळणीयंत्र यांचा गोंगाट वर्षानुवर्षे कानावर पडला, तर कोणताही आहार त्या पेशी वाचवीत नाही. तेथे कानात योग्य बोळे हवेत. साध्या कापसाने भागत नाही.

श्रवणदोषाचा परिणाम उलट आहारावरही होतो. पंगतीतील बोलणे न कळणारा वृद्ध एकटा जेवू लागतो, ‘आणखी वाढू का’ हे त्याला ऐकू जात नाही आणि तो मागतही नाही.

म्हणून आशा कार्यकर्तीने गृहभेटीत वृद्धाच्या पाठीमागे उभे राहून साध्या आवाजात दोन शब्द उच्चारावेत व ते त्याच्याकडून वदवून घ्यावेत. ते सांगता न आल्यास प्रथम मळ व पू यांची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि आवश्यक तर पुढील कर्णतपासणी जिल्हा सामान्य रुग्णालयात करून घ्यावी. राज्य शासनाने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षे पूर्ण केलेल्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न दोन लाख रुपयांच्या आत असलेल्या व्यक्तीस सहाय्यक साधनांसाठी एकदाच ३ हजार रुपये मिळण्याची तरतूद करण्यात आली. त्या साधनांत श्रवणयंत्राचाही समावेश आहे. यंत्र मिळाल्यानंतर ते पेटीत पडून का राहते, याची चौकशी ग्रामपंचायत सदस्यांनी महिन्याभराने करावी. बहुतेकदा बॅटरी संपलेली असते किंवा यंत्राचा आवाज नीट जुळवून दिलेला नसतो.