प्रवेशसत्र आणि ग्रामपंचायतीचा संगणक

पारनेर हा अहिल्यानगर जिल्ह्यातील अवर्षणप्रवण तालुका. राळेगणसिद्धीच्या पाणलोट कामांमुळे त्याचे नाव सर्वदूर गेले. आज अशा कामांचे नियोजन व हिशेब संगणकावरही नोंदले जातात. केंद्र शासनाची ई-ग्रामस्वराज प्रणाली २४ एप्रिल २०२० रोजी याच हेतूने सुरू झाली. गावच्या कार्यालयात मात्र संगणक बहुधा एक आणि हाताळणारे अनेक. त्यामुळे प्रवेशसत्र, म्हणजेच सेशन, कसे चालते हे समजून घेणे अगत्याचे आहे.

संकेतस्थळ चालविणारा सर्व्हर मूलतः विसरभोळा असतो; त्याच्याकडे येणारी प्रत्येक मागणी त्याच्या लेखी नवीच. यावर १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी ‘कुकी’चा उपाय काढला. परवलीचा शब्द जुळताच सर्व्हर एक लांबलचक, अंदाज न बांधता येणारा क्रमांक तयार करतो, त्याची नोंद स्वतःकडे ठेवतो व तो क्रमांक ब्राउझरच्या हवाली करतो. पूर्वी बँकेत धनादेश दिल्यावर पितळी बिल्ला मिळे, तसाच हा प्रकार. रोखपाल बिल्ला पाही. तो कोणाच्या हातात आहे याची चौकशी क्वचितच होई.

धोका येथेच आहे. उघड्या राहिलेल्या सत्रात दुसऱ्याने केलेली नोंद मूळ कर्मचाऱ्याच्याच नावावर पडते आणि लेखापरीक्षणात उत्तर त्यालाच द्यावे लागते.

संकेतस्थळे उभारण्यासाठी तयार चौकटी वापरल्या जातात. २००५ मध्ये खुली झालेली जँगो ही त्यांपैकी एक. प्रवेश होताच ती सत्राचा क्रमांक बदलते. त्यामुळे आधीचा क्रमांक कोणी हेरून ठेवला असला तरी निरुपयोगी ठरतो. परंतु वेगळी सूचना न दिल्यास तिचे सत्र दोन आठवडे टिकते, ब्राउझर बंद केला तरीही. वृत्तस्थळाला ही मुदत चालेल. पंचायतीच्या दप्तराला ती फारच सैल आहे. तेथे काही मिनिटे काम थांबताच सत्र संपावे, अशी मुदत प्रणाली बनविणाऱ्याने ठरवावयास हवी.

खिडकी मिटणे म्हणजे बाहेर पडणे नव्हे. ‘लॉगआउट’ दाबल्यावरच सर्व्हरकडील नोंद पुसली जाते. पारनेरला तालुक्याच्या कामासाठी गेलेल्या कर्मचाऱ्याकडून तेथील संगणकावर सत्र उघडे राहिले आणि हे गावी परतल्यावर ध्यानात आले, तर त्याने परवलीचा शब्द तत्काळ बदलावा. जँगोच्या नेहमीच्या रचनेत त्यासरशी जुनी सत्रे रद्द होतात. सर्वच प्रणालींत तसे होतेच असे नाही. म्हणून प्रणाली स्वीकारण्यापूर्वी हा प्रश्न पुरवठादारास लेखी विचारावा.